एकत्र घर आणि त्याची किल्ली

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



शिबिराच्या पत्रकात माझ्या विषयाचे नाव ‘मतिमंद मुलींचे पुनर्वसन’ असे छापले आहे. त्यातल्या तिन्ही शब्दांना माझी हरकत आहे, आणि तिथूनच सुरुवात करते. ‘मतिमंद’ हा शब्द २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सोडून दिला, आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. शब्द बदलला म्हणून वागणूक बदलत नाही, हे ‘परित्यक्ता’ सोडून ‘एकटी स्त्री’ म्हणू लागलो तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे. तरी आपण शब्द बदललाच. दुसरा शब्द ‘मुली’. ज्यांच्याबद्दल बोलायचे त्या पंचवीस, चाळीस, पंचावन्न वर्षांच्या बाया आहेत. केस पिकले तरी त्या ‘मुली’च राहतात, फार प्रेम आले तर ‘देवाची लेकरे’ होतात. आणि पुनर्वसन? ते आधी कुठे तरी वसलेल्यांचे होते. या बायांना वसूच दिलेले नाही. कोणाच्या तरी घराच्या एका कोपऱ्यात त्या ठेवलेल्या असतात.

ज्या आयांबरोबर मी काम करते त्यांचा प्रश्न एकच असतो : आमच्यानंतर हिचे काय? काही जणी त्यापुढचे वाक्यही बोलतात, पण ते चारचौघांत नाही, दारापर्यंत पोचवायला येतात तेव्हा. ‘ही माझ्याआधी जावी.’ या वाक्याला कोणी क्रूर म्हणण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की बोलणारी बाई कित्येक वर्षांत सलग रात्रभर झोपलेली नसते, कोणाच्या लग्नाला जाऊन मुक्काम केलेला नसतो, आणि नवऱ्याने ‘तुझ्याच घराण्यात असेल’ म्हणून हात झटकलेले असतात.

या प्रश्नाची समाजाकडे तीन उत्तरे आहेत. पहिले, भाऊ सांभाळेल. म्हणजे भावाची बायको सांभाळेल. दुसरे, बहीण सांभाळेल, आणि त्यासाठी लग्न करणार नाही किंवा नोकरी सोडेल. तिसरे, संस्था. तिन्ही उत्तरांत प्रत्यक्ष राबणारी बाईच असते, आणि जिला सांभाळायचे तिला कोणी विचारलेले नसते. २०११च्या जनगणनेत देशात बौद्धिक दिव्यांग म्हणून सुमारे १५ लाख माणसे मोजली गेली, त्यांत स्त्रिया सहा लाखांहून थोड्या अधिक. पुरुषांपेक्षा त्या एवढ्या कमी का भरल्या, याचे उत्तर या सभेत मी शोधून द्यायला नको. काही मोजल्या गेल्या नसतील, काही वाचल्याच नसतील.

तिसऱ्या उत्तराचा आपल्या चळवळीशी जुना संबंध आहे. आज इथे बसलेल्या तरुण मैत्रिणींपैकी अनेक जणी तेव्हा जन्मल्या नव्हत्या, म्हणून सांगते. फेब्रुवारी १९९४मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर इथल्या शासकीय संस्थेतल्या अकरा जणींची गर्भाशये ससून रुग्णालयात काढून टाकण्यात आली. कारण काय दिले? पाळीच्या वेळी त्यांना स्वच्छता ठेवता येत नाही, कर्मचाऱ्यांना ते करावे लागते. आणि दुसरे, अर्धवट आवाजात दिलेले कारण : त्यांच्यावर बलात्कार झाला तर निदान गर्भ तरी राहणार नाही. आणखी काही जणींच्या शस्त्रक्रिया व्हायच्या होत्या. महिला संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते उभे राहिले, गाजावाजा झाला, आणि त्या थांबल्या.

त्या वेळी आपल्यातही दोन सूर होते, हे विसरू नये. ‘तुम्हाला बोलायला काय जाते, आयांना विचारा’ असे म्हणणाऱ्याही बाया होत्या, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. संस्थेत माणसे अपुरी, पाणी अपुरे, कापड अपुरे, आणि या सगळ्या अपुरेपणावरचा उपाय बाईच्या पोटात शोधला गेला. गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा दिसेनासा होतो, हे आपण तेव्हा म्हटले. पुढे २०११मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीच्या संस्थेतले लैंगिक अत्याचार उघडकीला आले आणि २०१३मध्ये न्यायालयाने संस्थाचालकासह काही जणांना दोषी ठरवले. कुलूप बाहेरच्यांपासून रक्षण करण्यासाठी असते असे म्हणतात, पण इथे आतलेच होते.

आता चौथ्या उत्तराकडे येते. बौद्धिक दिव्यांग आणि दिव्यांग नसलेली माणसे एकाच घरात, एकाच चुलीवर, राहणारी म्हणून राहतात. एक नोकर आणि एक रुग्ण असे नाते तिथे नसते, निदान नसावे अशी कल्पना असते. ही काही कालची गोष्ट नाही. बेल्जियममध्ये गेल नावाचे गाव आहे. तिथली साधी कुटुंबे कित्येक शतके मानसिक आजारी आणि बौद्धिक दिव्यांग माणसांना घरी ठेवून घेत आली. १९३८मध्ये या गावात अशी साडेतीन हजारांहून अधिक माणसे कुटुंबांतून राहत होती. गावाची संत आहे डिम्फ्ना. दंतकथा अशी की ती आयर्लंडची राजकन्या, बापच तिच्याशी लग्न करायला निघाला म्हणून पळाली, आणि बापाने तिला या गावात गाठून मारले. घरातल्या पुरुषापासून पळालेल्या मुलीच्या नावाने वेड्यांना आसरा देणारे गाव उभे राहिले, हे मला नेहमी विशेष वाटते. असो.

दुसरे नाव कॅम्पहिल. कार्ल क्योनिग हे व्हिएन्नाचे ज्यू कुळातले बालरोगतज्ज्ञ, १९३८मध्ये नाझींपासून निसटून स्कॉटलंडमध्ये पोचले. नाझी तेव्हा दिव्यांगांना ‘जगण्यास अपात्र’ ठरवण्याच्या मार्गावर होते. पुढे १९४० आणि ४१ या दोन वर्षांत जर्मनीत ७० हजारांवर माणसे विषारी वायूने मारली गेली. क्योनिग आणि त्यांच्या सोबत्यांनी ॲबर्डीनजवळ दिव्यांग मुलांसोबत राहायला सुरुवात केली. मोठे घर मिळाले तेव्हा युद्ध पेटलेले, आणि ब्रिटिश सरकारने गटातल्या पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केले. १ जून १९४० रोजी कॅम्पहिलच्या घरात सामान हलवले ते बायकांनी. चूल पेटवली त्यांनीच. संस्थापक म्हणून जगभर नाव आहे ते क्योनिग यांचे. मी ही तक्रार म्हणून सांगत नाही, पण नोंद घ्यावी.

तिसरे नाव सगळ्यांत प्रसिद्ध, आणि त्याच्यावर थोडे थांबायला हवे. १९६४मध्ये जाँ व्हानिए या कॅनडाच्या माजी नौदल अधिकाऱ्याने फ्रान्समधल्या त्रोली-ब्रय या खेड्यात लहानसे घर घेतले आणि संस्थेत कोंडलेल्या दोन बौद्धिक दिव्यांग पुरुषांना आपल्यासोबत राहायला आणले. त्यातून ‘लार्श’ ही चळवळ झाली. लार्श म्हणजे तारू, प्रलयात जीव वाचवणारे. आज तिची दीडशेच्या आसपास वस्तीघरे आहेत. भारतात १९७०मध्ये बंगळूरला ‘आशा निकेतन’ सुरू झाले, नंतर कोलकाता, चेन्नई, केरळ. व्हानिए यांचे म्हणणे साधे होते : या माणसांसाठी काही करू नका, यांच्यासोबत राहा. शिकलेल्या, धडधाकट माणसालाही त्यांच्याकडून काही मिळते. जगभर त्यांना संतासारखे मानत. एम.एस.डब्ल्यू. करताना समूहनिवासावर जे जे वाचायला मिळाले त्यात त्यांचे नाव आदराने येई.

मे २०१९मध्ये ते वारले. फेब्रुवारी २०२०मध्ये लार्शनेच नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी १९७० ते २००५ या काळात सहा स्त्रियांशी फसवून, दबावाने लैंगिक संबंध ठेवले होते. जानेवारी २०२३मध्ये अभ्यासकांच्या आयोगाचा सुमारे ९०० पानांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात हा आकडा किमान २५ झाला, आणि काळ १९५२ ते २०१९. त्यांचे गुरू तोमा फिलिप हे धर्मगुरू. त्यांना याच कारणासाठी चर्चने १९५६मध्येच शिक्षा केलेली होती, आणि त्यांच्याभोवतीचा विखुरलेला गट पुन्हा जमवणे हाही त्या पहिल्या घराचा एक हेतू होता, असे आयोगाला आढळले. ज्या स्त्रियांची माहिती मिळाली त्यांत बौद्धिक दिव्यांग कोणी नव्हती. त्या मदतीला आलेल्या, सेवेला वाहून घेतलेल्या, ‘नाही’ म्हणणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे असे ज्यांना वाटायला लावले गेले, अशा स्त्रिया होत्या.

हे कळल्यावर माझ्या ओळखीतल्या एक-दोघांनी म्हटले, बघा, शेवटी हे सगळे प्रयोग असेच. मला ते पटत नाही. व्हानिए कसे होते यावरून त्रोलीच्या घरात माणसांनी एकमेकांसोबत जेवणे खोटे ठरत नाही. लार्शने स्वतः चौकशी नेमली, अहवाल दडपला नाही, हेही कमी नाही. पण ‘एक माणूस वाईट निघाला’ एवढ्यावर सोडून देणेही पटत नाही. आपण कुटुंबाबद्दल जे शिकलो तेच इथे लागू आहे. जिथे सगळा व्यवहार प्रेमाच्या भाषेत चालतो तिथे सत्तेबद्दल बोलायला शब्दच उरत नाहीत. घरात हिशेब मागणारी सून जशी कजाग ठरते, तशी आश्रमात प्रश्न विचारणारी सेविका अहंकारी ठरते. बौद्धिक दिव्यांग बाई तर काय, तिला ‘समजत नाही’ हे आधीच ठरलेले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. एकत्र राहण्याची घरे हवीत, आणि ती कशी असावीत हे ठरवण्यात स्त्री-चळवळीने हात घालायला हवा, कारण घर नावाच्या गोष्टीची तपासणी करण्याचा अनुभव आपल्याइतका कोणालाच नाही.

आपल्याकडे असे काही आहे का? आहे. शिरूरची घटना घडली त्याच १९९४ साली, त्याच पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातल्या कोळवणला ‘साधना व्हिलेज’ सुरू झाले. तिथे प्रौढ बौद्धिक दिव्यांग स्त्री-पुरुष लहान लहान घरांत कुटुंबासारखे राहतात, प्रत्येक घराला गृहमाता असते. संस्था आसपासच्या गावांतल्या बायकांबरोबरही काम करते. एका टोकाला गर्भाशय काढणारे उत्तर, दुसऱ्या टोकाला हे, आणि मध्ये एकाच जिल्ह्याचे अंतर. पण कोळवणसारखी ठिकाणे बोटांवर मोजण्याएवढी आहेत, आणि मागणी किती असेल ते मघाच्या जनगणनेच्या आकड्यांवरून पाहा.

आता कोणत्याही अशा घराला, ते कुठेही असो, काय विचारायचे ते सांगते. माझे पहिले प्रश्न फार घरगुती असतात. चहा कोण करते? गॅसजवळ जायची परवानगी कोणाला आहे? माझ्या माहितीत चौतीस वर्षांची एक बाई आहे, तिने जन्मात स्वतःचा चहा केलेला नव्हता, कारण लहानपणी एकदा हात भाजला होता. आईच्या आजारपणात ती काही महिने सात-आठ जणींच्या एका घरात राहिली. तिथे एक सोबतीण रोज तिच्या मागे उभी राहायची, हात न लावता. पातेल्यात पाणी, साखर, पत्ती, मग गॅस, हा क्रम भिंतीवर चित्रांत लावला होता. तिला चहा जमायला दोन महिने लागले. दोन महिने रोज कोणी तरी मागे उभे राहिले, हा तो खर्च आहे. वसतिगृहात एक आचारी पन्नास जणींचा चहा दहा मिनिटांत करतो, आणि सरकारी हिशेबात तो स्वस्त पडतो.

पाळीचेही तसेच. जी बाई साबण, कापड, बादली हा क्रम महिन्यामागून महिना कोणी न ओरडता शिकते, तिच्यातल्या पुष्कळ जणी तो शिकतात. सगळ्या नाही. ज्यांना नाही जमत त्यांना मदत लागते, जशी आपल्याला म्हातारपणी लागेल. त्यात गर्भाशय काढण्याजोगे काही नाही.

मग किल्ली. कपाटाची किल्ली तिच्याकडे आहे का? तिला स्वतःचे कपाट आहे का? बँकेचे पासबुक कोणाकडे? संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येतात ते कोण काढते? आतून कडी लागणारा संडास आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारला की संस्थाचालक हसतात. मी उत्तर मिळेपर्यंत थांबते.

आणि गृहमाता. हा शब्द गोड आहे, म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. गृहपिता का नाही? कॅम्पहिलमध्ये सोबत्यांनी पगार न घेण्याची परंपरा होती. गरजा समूह भागवेल, ही त्यामागची कल्पना. ज्याच्या पाठीशी शिक्षण, पासपोर्ट, परतीचे घर आहे अशा तरुण युरोपियन स्वयंसेवकाला ते शोभते. आपल्याकडे गृहमातेच्या कामाला कोण येते? विधवा, नवऱ्याने टाकलेली, दहावी नापास, जिला राहायला जागा हवी ती. तिला चोवीस तास ड्यूटी, सुटी नाही, मानधन नावाचे काही तरी. ती थकली, चिडली, तिचा हात उठला, तर तो कोणावर उठणार? दोन दुबळ्या बायांना एका छताखाली ठेवून त्याला सेवा म्हणायचे आणि वर संस्थापकांच्या सत्काराला जायचे, हे आपण चालू देऊ नये. सोबतिणीला किमान वेतन, आठवड्याची सुटी, रात्रीची पाळी बदलून, भविष्य निर्वाह निधी. याने घरपण जाईल असे म्हणतात. घरकामाला पगार मागितला तेव्हाही आपल्याला हेच ऐकवले होते.

एक प्रश्न मात्र मला या घरांत बहुतेक ठिकाणी टाळलेला दिसतो. या बायांना कोणी आवडते का? आवडते. हातात हात घेऊन बसावेसे वाटते का? वाटते. मग आपण काय करतो, तर पुरुषांचे घर वेगळे बांधतो आणि मधल्या वाटेवर दिवा लावतो. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन या खटल्यात निकाल दिला. सरकारी संस्थेत राहणाऱ्या, बलात्कारातून गर्भ राहिलेल्या, सौम्य बौद्धिक दिव्यांग अशा तरुण स्त्रीचा गर्भपात करण्याचा हुकूम उच्च न्यायालयाने दिला होता. तिला मूल हवे होते. तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. निकालावर आपल्यात मतभेद आहेत, ते असू देत. पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका ‘मतिमंद मुली’ला ‘तुला काय हवे’ हे विचारण्याजोगी व्यक्ती मानले. २०१६च्या कायद्यात तर स्पष्टच आहे : संमतीशिवाय वंध्यत्व येईल अशी शस्त्रक्रिया करता येणार नाही, आणि कुठे, कोणासोबत राहायचे हे लादले जाऊ नये म्हणून शासनाने प्रयत्न करायचा आहे. ‘प्रयत्न’ हा शब्द कायद्यात आला की काय होते ते आपण जाणतो.

संमती म्हणजे काय, ती चित्रांतून कशी विचारायची, ‘हो’ म्हणायची सवय लावलेल्या बाईचे ‘हो’ खरे कधी मानायचे, यावर एक वेगळे सत्र लागेल. आज एवढेच म्हणते की जिला चहात साखर किती हे कोणी विचारले नाही, तिला शरीराबद्दल अचानक विचारले तर ती विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून उत्तर देते. निवडायची सवय साखरेपासून लागते.

तक्रारीचे सांगून थांबते. घरातल्या घरात तक्रारपेटी लावून काही होत नाही, जिला लिहिता येत नाही तिला पेटीचा काय उपयोग? महिन्यातून एकदा बाहेरची, त्याच त्या ओळखीची बाई यायला हवी. तिने प्रत्येकीबरोबर एकटीने फिरायला जावे, तासभर. तिचा अहवाल संस्थापकांकडे जाऊ नये. ही बाई कोण असू शकते? मला वाटते, तुमच्यापैकी कोणीही. समुपदेशन केंद्र चालवणाऱ्या, पोलिस ठाण्यात जाऊन बसणाऱ्या बायांना न बोललेले ऐकायची सवय असते.

१९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी तिची रचना आहे. अठरा वर्षांवरील बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचा कायदेशीर पालक कोण, हे ती ठरवते. म्हणजे बहिणीच्या वाट्याची जमीन भावाच्या हाती जाणार का, हेही पुष्कळदा तिथेच ठरते. तुमच्या जिल्ह्यात ही समिती कधी बसली, त्यात किती बाया आहेत, पालकत्वाच्या अर्जांत किती स्त्रियांना समोर बोलावून विचारले गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाचा नमुना मी आणला आहे, चहाच्या वेळी घेऊन जा.

आणि चर्चेत मला तुमच्याकडून एक गोष्ट ऐकायची आहे. आपली तात्पुरती निवारागृहे आहेत. मारहाणीतून सुटून आलेली बाई बौद्धिक दिव्यांग असली तर आपण तिला घेतो का? माझ्या कामात मी अशा दोघींसाठी वेगवेगळ्या ठिकाणी फोन केले. दोन्ही वेळा ‘आमच्याकडे तशी सोय नाही’ हे उत्तर मिळाले. तशी म्हणजे कशी सोय लागते, किती माणसे, किती पैसे, पहिल्या आठवड्यात काय, ते इथेच बसून कागदावर मांडू या. निवारागृह चालवणाऱ्या मैत्रिणींनी आधी बोलावे.